इंडक्शन केल्यावर शाफ्ट जास्त लवकर तुटतोय, असं कसं काय?

लेथवाला_शिरोली

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. एका खडी क्रशरवाल्या गिऱ्हाइकासाठी कन्व्हेयरची काउंटरशाफ्ट करून देतो. मटेरियल ईएन ८ (मध्यम कार्बनचं साधं स्टील), बेअरिंग सीट ६० मिमी, पुढं शोल्डर (जाडीची पायरी) ७० चा, आणि बाहेरच्या बाजूला व्ही-बेल्टची पुली टांगलेली. ४५० च्या आसपास आरपीएम. आधी शाफ्ट साधाच असायचा, तो महिना-दीड महिन्यात शोल्डरच्या कोपऱ्यात तुटायचा. गिऱ्हाइकाला कुणीतरी सांगितलं की इंडक्शन हार्डनिंग (कॉइलने वरचा थर तापवून कडक करणं) करून घ्या, दगडासारखा होईल. बाहेरून करून आणलं, बेअरिंग सीटवर हार्डनेस ५५ एचआरसी (रॉकवेल) लागतंय, मी स्वतः चेक केलंय. तर आता आठ-दहा दिवसांत तुटतोय! तिथंच, शोल्डरच्या कोपऱ्यात. कडक केल्यावर ताकद वाढायला पायजे का कमी व्हायला पायजे? गिऱ्हाईक माझ्यावर चिडलंय, हीट ट्रीटमेंटवाला म्हणतो ड्रॉइंगप्रमाणं हार्डनेस दिलाय, आमचा संबंध संपला. काय करू सांगा.

निवृत्त_फोरमन

सरळ आहे की. कडक केला की ठिसूळ झाला, ठिसूळ झाला की तुटला. पूर्वी आम्ही शाफ्ट कधीच कडक करत नव्हतो, चिवट ठेवायचो. ईएन १९ (क्रोम-मॉली स्टील) घ्या, टफन (झटकन थंड करून परत तापवून चिवट) करून वापरा, विषय संपला.

मार्टेन्साइट_मामा

फोरमनकाका, ठिसूळ झाला म्हणून तुटला असता तर पहिल्या झटक्यात तुटला असता, पट्टा अडकला किंवा मोठा दगड आला तेव्हा. हा आठ-दहा दिवस नीट फिरून मग तुटतोय. ४५० आरपीएमने दिवसाला १० तास धरले तर २,७०,००० फेरे होतात, म्हणजे चार दिवसांच्या आतच १० लाखाच्या वर जातो आपण, आणि फिरत्या शाफ्टवर बेल्टचा ताण एकाच दिशेने असतो त्यामुळे शाफ्टचा प्रत्येक बिंदू दर फेऱ्याला एकदा ओढला जातो आणि एकदा दाबला जातो. हे पक्कं फटीगचं, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण येऊन हळूहळू भेग वाढण्याचं, लक्षण आहे. स्टीलच्या एस-एन कर्व्हचा (ताण विरुद्ध फेरे) गुडघा, म्हणजे जिथून पुढे रेषा सपाट होते तो बिंदू, १० लाख ते १ कोटी फेऱ्यांच्या मधे कुठेतरी असतो, तुमचे आधीचे आणि आताचे दोन्ही शाफ्ट त्याच पट्ट्यात मेलेत.

लेथवाले, तुटलेल्या तोंडाचा फोटो टाका. जमलं तर तुटलेल्या तोंडावर घासाघाशी करू नका, दोन तुकडे एकमेकांवर लावूनही बघू नका, पुरावा पुसला जातो.

लेथवाला_शिरोली

फोटो टाकलाय. कडेला सगळीकडून बारीक बारीक पायऱ्या दिसताहेत, आत गोल गोल रेषा, आणि मधे जवळपास रुपयाच्या नाण्याएवढा भाग खडबडीत आहे.

मार्टेन्साइट_मामा

बघितला. अगदी पुस्तकातला नमुना आहे. कडेच्या त्या पायऱ्या म्हणजे रॅचेट मार्क्स, एकाच वेळी अनेक जागी भेगा सुरू झाल्या आणि त्या एकमेकींना भेटल्या तिथे पायरी पडली. याचा अर्थ कोपऱ्यात स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे एका जागी ताण गोळा होणं, जबरदस्त आहे. आणि मधला खडबडीत भाग, जो शेवटी एकदम तुटला, तो एवढासाच आहे म्हणजे मूळ लोड फार नव्हता. बाकीचा शाफ्ट गेल्यावरही तेवढ्याशा तुकड्याने लोड पेलला होता. म्हणजे तुमचा शाफ्ट बारीक पडला नाही, तुमचा कोपरा मारतोय.

कोपऱ्याचा रेडियस किती दिलाय?

लेथवाला_शिरोली

ड्रॉइंगवर काय लिहिलेलं नाही. टूलचा जेवढा नोज तेवढा. ०.५ धरा.

मार्टेन्साइट_मामा

हाच तो. ६० वरून ७० ची पायरी आणि ०.५ रेडियस म्हणजे बेंडिंगमधे कोपऱ्यातला ताण साध्या शाफ्टच्या अडीच पटीच्या वर जातो, पावणेतीनच्या जवळ. तोच रेडियस ३ केला तर १.८-१.९ वर येतो. १८४२ साली फ्रान्समधे व्हर्सायच्या रेल्वे अपघातात इंजिनाचा अॅक्सल तुटला, त्यानंतर १८४३ मधे रँकिनने अॅक्सलच्या शोल्डरच्या कोपऱ्यातून भेग आत जाते हे दाखवून तिथे गोलाई द्या म्हणून लिहिलं होतं, आणि पुढे प्रशियाच्या रेल्वेत वोलरने वर्षानुवर्षं अॅक्सल फिरवून फिरवून तोडले तेव्हा कुठे फटीग लिमिट (ज्याच्या खाली कितीही फेरे झाले तरी तुटत नाही तो ताण) वगैरे आपल्याला कळलं. पावणेदोनशे वर्षं झाली आणि आपण अजून कोपरा टूलच्या नोजवर सोडतोय.

निवृत्त_फोरमन

ते मान्य. पण मग आधीच्या साध्या शाफ्टला पण तोच कोपरा होता ना? तो दीड महिना गेला. कडक केलेला दहा दिवसांत का मेला? रेडियस तर तोच आहे.

चाकण_क्यूए

काकांचा प्रश्न बरोबर आहे आणि खरी गंमत इथेच आहे.

लेथवाले एक काम करा, तुटलेल्या शाफ्टचं बेअरिंग सीटचं टोक उभं कापा, लांबीत, मधोमध. थंड कापा, कटिंग व्हील कोरडं चालवू नका. पॉलिश पेपर मारून चकाचक करा आणि नायटल लावा, म्हणजे स्पिरिटमधे ३-५ टक्के नायट्रिक अॅसिड, पन्नास-शंभर रुपयांचं काम आहे, हातमोजे घाला. अॅसिड स्पिरिटमधे ओतायचं, उलट नाही, आणि उरलेलं बाटलीत बूच मारून ठेवायचं नाही. कडक झालेला थर वेगळ्या रंगाचा दिसेल, पट्टा आखल्यासारखा. तो पट्टा शोल्डरच्या कोपऱ्यापासून किती अंतरावर संपतोय ते मोजून सांगा.

लेथवाला_शिरोली

केलं. थर ३ मिमीच्या आसपास खोल आहे सगळीकडं, छान एकसारखा. पण कोपऱ्याच्या अलीकडं ४ मिमीवर निमुळता होऊन संपतोय. कोपऱ्यात काहीच नाही. ऑपरेटरला फोन केला तर म्हणाला कॉइल शोल्डरला लागून आर्क होतो म्हणून आम्ही नेहमीच अलीकडं थांबतो.

चाकण_क्यूए

झालं. सापडला तुमचा खुनी.

नीट सांगतो. इंडक्शनमधे वरचा थर तापवून पाणी मारलं की त्याचं मार्टेन्साइट (स्टीलची कडक रचना) होतं आणि मार्टेन्साइटला आधीच्या रचनेपेक्षा जास्त जागा लागते. थराला फुगायचंय, आतला गाभा फुगू देत नाही, म्हणून थर कायमचा दाबाखाली राहतो. काही शे एमपीए कॉम्प्रेशन आरामात असतं. शाफ्ट फिरताना बेंडिंगचा ताण जेव्हा तो थर ओढायला बघतो तेव्हा आधी हा दाब फेडावा लागतो, मग खरी ओढ सुरू होते. फटीगमधे फायदा मुख्यतः याचा, ५५ एचआरसीचा आकडा त्यानंतर येतो.

पण दाब फुकट मिळत नाही. एकीकडे दाब असेल तर दुसरीकडे तेवढीच ओढ असणारच, हिशोब शून्यावर यायला लागतो. ती ओढ कुठे जाते? थराच्या खाली गाभ्यात, आणि थर जिथे संपतो तिथे पृष्ठभागावर. शिवाय थराच्या काठाशी गरमीने नुसतं टेंपर झालेलं, थोडं मऊ पडलेलं मटेरियल असतं. म्हणजे कोपऱ्यापासून जेमतेम ४ मिमीवर काय चाललंय बघा: वरच्यावर ओढ, मटेरियल मऊ, आणि त्यालाच लागून पावणेतीन पट ताण देणारा कोपरा. साध्या शाफ्टमधे निदान रेसिड्युअल (आतच उरलेली) ओढ तरी नव्हती. तुम्ही शाफ्टच्या सगळ्यात मजबूत जागेला अजून मजबूत केलंत आणि सगळ्यात कमकुवत जागेवर उरलेला ताण नेऊन टाकलात.

क्रँकशाफ्टच्या धंद्यात हे जुनं दुखणं आहे. जर्नल (बेअरिंगमधे फिरणारा भाग) घासू नये म्हणून जर्नल कडक करायचे आणि पट्टा फिलेटच्या (कोपऱ्याच्या गोलाईच्या) तोंडाशी संपवायचे, मग फिलेटमधून क्रँक तुटायची. म्हणून एकतर पट्टा फिलेटपासून बराच अलीकडे संपवून फिलेट रोलरने दाबून घेतात, नाहीतर फिलेटसकट हार्डन करतात. अर्धवट चालत नाही.

गिअरबॉक्सवाली

क्यूए +१. गिअरला पण हेच होतं. इंडक्शनने दाताचे फक्त फ्लँक (बाजू) कडक केले आणि मुळाशी सोडून दिलं तर दात घासणार नाही पण मुळातून उडेल. आयएसओ ६३३६ (गिअरच्या ताकदीचं स्टँडर्ड) च्या पाचव्या भागात रूट हार्डन केलेलं आणि न केलेलं असे वेगवेगळे आकडे दिलेत ते उगाच नाही.

मी जिथे काम करते तिथे जवळपास सगळं कार्बुरायझिंग आहे, २०एमएनसीआर५ आणि ८६२० ही कमी कार्बनची स्टीलं. त्यात थोडी वेगळी कथा आहे म्हणून लिहिते. ९००-९५० डिग्रीला बाहेरून कार्बन घुसवून कातडीत ०.८ टक्क्याच्या आसपास नेतात, आत ०.२ च राहतो. तेलात टाकलं की आधी बाहेरचा भाग थंड होतो, पण मार्टेन्साइट आधी आत बनतं कारण कमी कार्बनवाला गाभा ४०० डिग्रीच्या आसपासच बदलायला लागतो आणि जास्त कार्बनवाली कातडी २०० च्या खाली आल्याशिवाय बदलत नाही. म्हणजे गाभा आधी फुगून बसतो आणि कातडी शेवटी फुगते तेव्हा तिला हलायला जागाच नसते. त्यामुळे कातडीत दाब. क्रम उलटा झाला असता तर ओढ आली असती. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा भारी वाटलं होतं, आपण नुसतं "केस ५८ ते ६२, डेप्थ ०.८ ते १.२" लिहून मोकळे होतो आणि खाली हा सगळा खेळ चालू असतो.

आणि कार्बुरायझिंगमधे दाताच्या मुळासकट थर सलग असतो, मधेच संपत नाही. हा तिचा मोठा फायदा.

सातपूरकर

थोडा वेगळा मुद्दा. लेथवाले, सीट ग्राइंड करता का हार्डनिंगनंतर?

लेथवाला_शिरोली

हो, बेअरिंगचा फिट यायला करावंच लागतं. आणि शाफ्ट इंडक्शननंतर वाकडा येतो, तो प्रेसवर सरळ करून मगच ग्राइंडिंग.

सातपूरकर

अरे देवा. दोन्ही ठिकाणी घोळ व्हायचा चान्स आहे.

प्रेसवर कडक शाफ्ट दाबून सरळ करता तेव्हा एका बाजूने तुमचा कमावलेला दाब तुम्ही स्वतः घालवता, कधी उलट ओढही येते, आणि थरात बारीक तडा गेला तर तो डोळ्याला दिसतही नाही. ईएन ८ सारख्या मटेरियलला पाण्यात क्वेंच केलं की वाकणारच, पण किती वाकतोय ते बघा, फार असेल तर गुन्हा कॉइलचा किंवा बारच्या आधीच्या सरळ करण्यातल्या ताणाचा असतो. सरळ केल्यावर निदान मॅग्नाफ्लक्स (चुंबकाने भेगा शोधायची तपासणी) तरी करून घ्या. आणि इंडक्शननंतर १५०-१८० डिग्रीचं टेंपरिंग लगेच झालंय का हे विचारा, बरेच जण "उद्या करू" म्हणतात.

ग्राइंडिंगचं अजून वाईट. व्हील घोटलं असेल, ड्रेसिंग वेळेवर नसेल, कूलंट लांबून पडत असेल तर पृष्ठभाग क्षणभर तापून टेंपर होतो, त्याला बर्न म्हणतात, आणि तो बर्न झालेला थर थंड होताना ओढीत जातो. म्हणजे दाब गेला, ओढ आली, आणि हार्डनेस टेस्टरला बऱ्याचदा कळतही नाही कारण तो थर अगदी पातळ असतो. त्याच नायटलने कळतं, जळालेली जागा गडद तपकिरी डाग पडल्यासारखी दिसते आणि जास्तच जळून परत कडक झाली असेल तर मधे पांढरा डाग आणि भोवती काळं. शोल्डरच्या कोपऱ्यात व्हीलचा कोना घुसतो तिथे पहिलं बर्न होतं. तुमच्या कोपऱ्यात नेमकं तेच असायची शक्यता आहे.

निवृत्त_फोरमन

मी म्हणतो हे सगळं करण्यापेक्षा हार्ड क्रोम का नाही मारत? गंजणार नाही, घासणार नाही, चकचकीत पण दिसतो. आमच्या हायड्रॉलिक रॉडला मारायचो.

गिअरबॉक्सवाली

काका, हायड्रॉलिक रॉडला ठीक आहे, तिथे घासणं आणि गंज हा प्रश्न असतो. फिरत्या वाकणाऱ्या शाफ्टला हार्ड क्रोम म्हणजे फटीगची ताकद कमी करायचं साधन. क्रोमचा थर बसतानाच ओढीत असतो आणि त्यात जाळीसारख्या सूक्ष्म भेगा जन्मतःच असतात. तयार भेग कोपऱ्यावर नेऊन ठेवल्यासारखं. वर प्लेटिंगमधे हायड्रोजन आत शिरतो तो वेगळा, कडक स्टीलला तर त्याचा जास्तच त्रास, म्हणून प्लेटिंगनंतर काही तासांच्या आत १९० ते २२० डिग्रीला बेक करायचं असतं. ज्यांना क्रोम मारावंच लागतं ते आधी शॉट पीनिंग (गोळ्या मारून कातडीत दाब आणणं) करतात, म्हणजे क्रोममधली भेग खाली उतरायला गेली तर तिला दाबाचा थर आडवा येतो.

फाउंड्री_पोरगा

ताई शॉट पीनिंग म्हणजे शॉट ब्लास्टिंगच ना? आमच्याकडे मशीन आहे, कास्टिंग साफ करतो. लेथवाल्यांचा शाफ्ट टाकू का त्यात 😀

गिअरबॉक्सवाली

नको रे बाबा 😀 गोळ्या त्याच दिसतात पण काम वेगळं. ब्लास्टिंगमधे घाण निघाली की झालं. पीनिंगमधे गोळीचा आकार, वेग, किती वेळ मारायचं, सगळं ठरलेलं असतं आणि गोळ्या फुटक्या नकोत, नाहीतर टोकेरी तुकडा उलट खरचटून ठेवतो. किती जोर लागला हे मोजायला अल्मेन स्ट्रिप असते, जनरल मोटर्समधल्या अल्मेन नावाच्या इंजिनीअरने काढलेली. पातळ स्प्रिंग स्टीलची पट्टी एका बाजूने पीन केली की ती वाकते, जेवढी वाकली तेवढा जोर. वेळ दुप्पट केल्यावर वाक १० टक्क्याहून जास्त वाढला नाही की तिथे सॅच्युरेशन धरतात. लीफ स्प्रिंग, कॉइल स्प्रिंग, गिअर, सगळीकडे चालतं. पण दाबाचा थर पातळ असतो, मिमीचे काही दशांश.

लेथवाला_शिरोली

मग पातळ थराचा उपयोग काय? हीट ट्रीटमेंटवाला म्हणतो डेप्थ जेवढी जास्त तेवढा शाफ्ट मजबूत. नायट्रायडिंगला पण विचारलं होतं तर म्हणाला ०.३-०.४ च मिळेल, तुमच्या कामाचं नाही.

मार्टेन्साइट_मामा

हा प्रश्न आवडला. आकडे घालून बघा. ६० चा शाफ्ट म्हणजे केंद्रापासून ३० मिमी. बेंडिंगचा ताण कडेला सगळ्यात जास्त आणि मध्याकडे सरळ रेषेत कमी होत शून्य. ३ मिमी आत गेलात तर २७ भागिले ३०, अजून ९० टक्के ताण शिल्लक आहे! ०.५ मिमी आत तर ९८ टक्के. म्हणजे गुळगुळीत जाड शाफ्टवर पातळ थर दिला तर वरून भेग सुटणार नाही पण थराच्या खालच्या मऊ गाभ्यातून सुटू शकते, तिथे ताण जवळपास तेवढाच आहे, ताकद मात्र गाभ्याची, आणि वर थराची भरपाई करणारी ओढ पण तिथेच बसलीय. अशा वेळी तोंडावर भेगेचं मूळ आत एखाद्या इन्क्लूजनशी (स्टीलमधल्या बाहेरच्या कणाशी) सापडतं, भोवती गोल पांढुरका डाग, माशाच्या डोळ्यासारखा. सरळ ओढ-दाब म्हणजे अॅक्सियल लोड असेल तर अजून वाईट, तिथे आतबाहेर ताण सारखाच, म्हणून पातळ थराचा फायदा सगळ्यात कमी.

पण कोपऱ्यात, फिलेटमधे, की-वेच्या काठाला गणित वेगळं. तिथला वाढीव ताण फक्त कातडीपुरता असतो, रेडियसच्या काही अंशाएवढं आत गेलं की झपकन उतरतो. म्हणून तिथे पातळ पण दाबातला थर पुरतो. सगळ्या चाचण्यांमधे दिसतं की गुळगुळीत नमुन्यापेक्षा खाचवाल्या नमुन्याला सरफेस ट्रीटमेंटचा फायदा टक्क्यांमधे कितीतरी जास्त होतो. म्हणून नुसती "डेप्थ जास्त" ही मागणी अर्धवट आहे. आणि लहान शाफ्टमधे डेप्थ फार वाढवली तर गाभाच उरत नाही दाब द्यायला, उलट दाब कमी होतो.

नायट्रायडिंगबद्दल: ५००-५२० डिग्रीला अमोनियात तासन्‌तास ठेवायचं, क्वेंच नाही त्यामुळे शाफ्ट वाकत नाही आणि प्रेसची भानगड नाही, थर फिलेटसकट सगळीकडे सारखा बसतो. पण ईएन ८ ला त्याचा फार उपयोग नाही, नायट्राइड बनवायला क्रोमियम, अॅल्युमिनियम वगैरे लागतात. ईएन १९ किंवा ईएन ४०बी घ्यायला लागेल, आधी टफन केलेलं. वरचा पांढरा थर जाड आला तर तो ठिसूळ, तेवढं बघा.

निवृत्त_फोरमन

म्हणजे शेवटी ईएन १९ च. मी पहिल्यांदाच सांगितलेलं.

मार्टेन्साइट_मामा

😀 मान्य काका, मटेरियल तुमचं, कारण आमचं.

सातपूरकर

एक राहिलं. बेअरिंग सीटवर बेअरिंगच्या काठाशी लालसर तपकिरी पावडर दिसते का? दिसत असेल तर फ्रेटिंग. फिट ढिला असला की बेअरिंग आणि शाफ्ट एकमेकांवर सूक्ष्म घासतात आणि तिथूनही भेग निघते. जपानमधे शिंकान्सेनच्या अॅक्सलला व्हील सीटपाशी इंडक्शन करतात ते याचसाठी, चाक जिथे दाबून बसवलेलं असतं तिथे फ्रेटिंगची भेग सुटली तरी दाबामुळे ती वाढू नये म्हणून. म्हणजे इंडक्शन वाईट नाही हो, पट्टा कुठे संपवायचा एवढं डोक्यात ठेवलं पाहिजे.

लेथवाला_शिरोली

पावडर नाही, फिट घट्ट आहे. आता रेडियस ३ करतो म्हटलं तर बेअरिंगच बसंना झालंय, ६२१२ नंबरचं आहे, बेअरिंगचा कोपरा शोल्डरला टेकतच नाही.

चाकण_क्यूए

६२१२ ला जास्तीत जास्त १.५ चा रेडियस चालतो. ३ किंवा ४ द्यायचा असेल तर शोल्डर आणि बेअरिंगच्या मधे एक स्पेसर रिंग टाका, रिंगच्या आतल्या कडेला मोठा चेंफर मारा म्हणजे ती रेडियसवरून जाईल. रिंगची जाडी धरून शोल्डर तेवढं मागे घ्या. जुनी युक्ती आहे, कोणत्याही मोठ्या गिअरबॉक्समधे सापडेल. आणि रेडियस टूलने कापून सोडू नका, एमरीने चट्टे घालवा, चट्टे गोल फिरणारे असतात आणि भेग त्यांच्याच दिशेने पळते.

जमलं तर रेडियस रोल करून घ्या. साधा रोलर टूल लेथवर बसतो.

लेथवाला_शिरोली

ठरवलंय असं: ईएन १९ टफन केलेलं, रेडियस ३, स्पेसर रिंग, रेडियस रोल करून. इंडक्शन बंद, कारण सीट घासायचा प्रश्न मुळात नव्हताच, गिऱ्हाइकाला फक्त तुटायला नको होतं. पण गिऱ्हाईक म्हणतंय इंडक्शन केलेलंच पायजे, पैसे त्यासाठी दिलेत. अगदीच हट्ट धरला तर ड्रॉइंगवर काय लिहू?

चाकण_क्यूए

"५० ते ५५ एचआरसी" एवढंच लिहून सोडू नका. पट्टा कुठून कुठपर्यंत हे मापासकट काढून दाखवा, फिलेटसकट, आणि पट्ट्याचं टोक ७० च्या मोठ्या भागावर निदान १०-१५ मिमी पलीकडे न्या, जिथे ताण कमी आणि कोपरा नाही. फिलेटमधली डेप्थ वेगळी लिहा. फिलेटला वेगळा कॉइल लागतो, त्याच्याकडे नसेल तर त्याला तिथेच सोडा. फ्रिक्वेन्सी पण विचारा. तापलेल्या स्टीलमधे करंट शिरतो ती खोली मिमीमधे साधारण ५०० भागिले फ्रिक्वेन्सीचं वर्गमूळ, म्हणजे १० किलोहर्ट्झला ५ मिमी, २०० किलोहर्ट्झला एकाच्या जवळपास. ३ मिमी पाहिजे आणि मशीन २०० वालं असेल तर तो वरचं जाळून डेप्थ काढेल.

आणि पहिला जॉब कापून नायटल केल्याशिवाय पुढचे घेऊ नका.

लेथवाला_शिरोली

पहिला जॉब कापायचा म्हणजे तेवढ्या मटेरियलचे पैसे कोण देणार वो, गिऱ्हाईक आधीच तापलंय.

चाकण_क्यूए

नवा कशाला कापताय, तुटलेल्या शाफ्टचा लांब तुकडा पडलाय ना शॉपमधे? त्याच्यावर तीच पायरी आणि तोच ३ चा रेडियस टर्न करा, सेटिंगला तो द्या आणि कापा. मात्र तो ईएन ८ आहे, म्हणून पट्टा कुठे बसतो एवढंच त्यावरून बघायचं, हार्डनेस आणि डेप्थचा आकडा नाही. त्यासाठी ईएन १९ च्या बारचं टोक ठेवा बाजूला, कापताना तेवढं निघतंच.